वाटेला उजेड, झाडांना रात्र

शहरातल्या जुन्या उद्यानाची नवी प्रकाशयोजना जाहीर होते तेव्हा सोबत एक संकल्पचित्र असतं, आणि ते बहुतेकदा एकाच साच्यातलं असतं. गर्द निळं आकाश, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजळलेले वृक्ष, तळ्यात लांबवर पसरलेली रंगीत प्रतिबिंबं आणि लख्ख पायवाटेवरून रमतगमत चाललेली माणसं. चित्र देखणं असतं, त्यामुळे मंजुरीही पटकन मिळते. त्यात झाडं आहेत, पण झाडांवर राहणारं कुणीच नाही, हे बैठकीत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ढोलीतलं घुबड, सालीला चिकटून बसलेला पतंग, दिवेलागणीला पानांच्या कडेकडेने बाहेर पडणारं वटवाघूळ यांना त्या चित्रात जागाच नसते.

माझी भूमिका आधीच सांगून टाकलेली बरी. ऐतिहासिक उद्यानात दिवा लावायचा तो माणसाला वाट दिसावी म्हणून, आणि तेवढ्यापुरताच. झाडं, गवत, पाणी आणि आकाश यांच्यावर प्रकाश टाकू नये. कमी टाकावा, मंद टाकावा, असंही नाही; टाकूच नये. या भूमिकेमागे निसर्गाविषयीची ओढ आहेच, पण वारसा जपण्याचा विचारही तितकाच आहे, आणि नीट राबवली तर रात्री बागेतून जाणाऱ्या माणसाचंही तिच्यात भलं आहे.

वारशाचा मुद्दा आधी घेतो, कारण झगमगाटाच्या बाजूने बोलणारे बहुधा त्याचाच आधार घेतात. बाग जुनी आहे, तिचं सौंदर्य रात्रीही लोकांना दिसायला नको का, असा त्यांचा प्रश्न असतो. ऐतिहासिक उद्यानांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय सनद १९८१ साली फ्लॉरेन्समध्ये तयार झाली. तिने ऐतिहासिक उद्यानाला ‘जिवंत स्मारक’ म्हटलं आहे. उद्यानाचे मुख्य घटक वनस्पती आहेत, त्या वाढतात, मरतात, पुन्हा लावाव्या लागतात, म्हणून दगडी इमारतीचे नियम इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, असा तिचा आशय आहे. हे मान्य केलं की प्रकाशयोजनेचा सगळा विचारच बदलतो. किल्ल्याच्या भिंतीवर रात्रभर झोत टाकला तर दगडाला काही होत नाही. (भिंतीच्या फटींत राहणाऱ्या जिवांना होतं, पण तो विषय वेगळा.) दीडशे वर्षांच्या झाडावर तोच झोत टाकला तर आपण ज्याला वारसा म्हणतो त्याच्याच शरीरात ढवळाढवळ करतो.

जुन्या बागांमधल्या दिव्यांचा इतिहासही सरसकट रोषणाईचा नाही. लंडनच्या व्हॉक्सहॉल गार्डन्समध्ये अठराव्या शतकात हजारो तेलदिवे एकदम पेटवले जात आणि ते पाहायला शहर लोटे, हे खरं. पण त्याच बागेत मुद्दाम अंधाऱ्या ठेवलेल्या वाटाही होत्या आणि लोकांना त्यांचीही तितकीच ओढ होती. शिवाय ती पैसे देऊन जायची करमणुकीची जागा होती. एकोणिसाव्या शतकातली सार्वजनिक उद्यानं वेगळ्या हेतूने उभी राहिली: धुराने कोंडलेल्या शहराला मोकळी हवा, हिरवळ आणि निवांतपणा मिळावा म्हणून. त्यांतल्या कित्येकांची दारं सूर्यास्ताला बंद होत. लंडनचं केन्सिंग्टन गार्डन्स आजही सांजावताना बंद होतं, तर त्याला लागून असलेलं हाइड पार्क मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन उद्यानांच्या रात्री वेगळ्या असू शकतात आणि त्याने शहराचं काही बिघडत नाही.

दिवे आले ते वाटेसाठी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले प्रसिद्ध खांब हेन्री बेकन या वास्तुविशारदाने १९०७ साली रेखाटले. त्यांतल्या प्रत्येकावर एक छोटी पट्टी आहे आणि तिच्यावर आकडे आहेत. पहिल्या आकड्यांवरून जवळचा रस्ता कोणता ते कळतं आणि शेवटचा आकडा सम की विषम यावरून आपण बागेच्या पूर्वेकडे आहोत की पश्चिमेकडे ते कळतं. चुकलेल्या माणसाने खांबाशी जावं, आकडे वाचावेत आणि दिशा धरावी. दिव्याच्या खांबाने बागेत नेमकं काय काम करायचं असतं, ते या एवढ्याशा पट्टीवरून समजतं. झाडांची शोभा वाढवणं हे काम त्याच्याकडे मागाहून आलं. वीज स्वस्त झाली आणि झोताचे दिवे हाताशी आले तेव्हा.

आता त्या झोताने होतं काय, ते पाहू. दिव्याभोवती किडे का घिरट्या घालतात याचं उत्तर बराच काळ अंदाजानेच दिलं जायचं. ते दिव्याला चंद्र समजतात, उष्णतेकडे ओढले जातात, वगैरे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं, तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. उडता किडा आपली पाठ नेहमी प्रकाशाकडे ठेवतो. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ होतं, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सरळ उडतोय, एवढा साधा हिशेब त्याच्या शरीरात भिनला आहे. बाजूला दिवा आला की तो दिव्याकडे पाठ करतो, कलतो, वळतो, पुन्हा पाठ करतो आणि त्या फेऱ्यात अडकतो. आणि दिवा जमिनीवरून वर रोखलेला असेल तर किडा हवेतच उलटा होतो आणि खाली आपटतो. झाडाच्या बुंध्याशी जमिनीत बसवलेले, वर तोंड केलेले दिवे आजच्या संकल्पचित्रांचा जीव की प्राण असतात. किड्यांच्या दृष्टीने त्यांच्याइतकी वाईट मांडणी शोधून सापडणार नाही.

किड्यांचं काय एवढं, असं म्हणणाऱ्यांना मला काही आकडे दाखवायचे आहेत. इंग्लंडमध्ये दिवे असलेल्या आणि नसलेल्या रस्त्यांच्या कडेची झुडपं व गवत शेजारशेजार तपासली गेली. दिव्यांखालच्या कुंपणाच्या झुडपांमध्ये पतंगांच्या अळ्या ४७ टक्क्यांनी कमी भरल्या आणि गवतात ३३ टक्क्यांनी. पांढऱ्या एलईडीखाली हा परिणाम पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा जास्त होता. हा अभ्यास २०२१ चा. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली अंधाऱ्या कुरणांत दिवे लावून पाहिले, तर रात्री फुलांवर येणाऱ्या किड्यांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या आणि ज्या एका वनस्पतीची फळं मोजली तिची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. दिवसा मधमाश्या येत असूनही ही तूट भरून निघाली नाही. अळ्या म्हणजे पिल्लं वाढवणाऱ्या पक्ष्यांचा शिधा आहे. पतंग हे वटवाघळांचं अन्न आहे. बागेत पूर्वीसारखे पक्षी दिसत नाहीत म्हणून हळहळणारी माणसंच बाग रात्रभर उजळलेली असावी असा आग्रह धरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

झाडंही या प्रकाशाला गप्प बसत नाहीत. रात्र किती लांबली, यावरून झाड ऋतू ओळखतं. एडविन मॅट्झके या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं की रस्त्यावरच्या दिव्यांलगतच्या काही झाडांची पानगळ लांबते. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पानगळीच्या झाडाची एखादी फांदी दिव्याला भिडलेली असेल तर हंगाम सरताना निरखून बघावं: बाकीचं झाड उघडं पडलेलं असतं आणि दिव्याजवळच्या तेवढ्याच फांदीवर हिरवा झुबका टिकून असतो. वसंतात याच्या उलट होतं. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१६ मध्ये दाखवलं गेलं की प्रकाश प्रदूषणाच्या भागात झाडांच्या कळ्या साडेसात दिवसांपर्यंत लवकर फुटतात. तरण्या झाडाला हे सोसेल. पण ऐतिहासिक उद्यानातलं झाड म्हातारं असतं, त्याच्या मुळांवर आधीच फरसबंदीचा भार असतो, पाण्याची ओढ असते, धूळ असते. त्यात त्याचं वर्षाचं वेळापत्रकही आपण बिघडवतो.

इथपर्यंत ऐकल्यावर प्रशासनाकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे: ठीक आहे, मग उबदार रंगाचे दिवे लावू. निसर्गस्नेही प्रकाश म्हणजे पिवळा प्रकाश, हे समीकरण आता रूढ झालं आहे. ते अर्धंच बरोबर आहे, आणि अर्धंच बरोबर असल्यामुळे घातक आहे.

बरोबर अर्धा भाग असा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळा लेप दिलेला असतो आणि दोन्ही मिळून पांढरा रंग दिसतो. रंग जितका थंड, म्हणजे केल्विनचा (दिव्याचा रंग सांगणाऱ्या मापाचा) आकडा जितका मोठा, तितका त्यात निळा भाग जास्त. हा निळा भाग किड्यांना जास्त ओढतो, हवेत जास्त विखुरतो आणि माणसासकट अनेक प्राण्यांच्या शरीरातल्या दिवसरात्रीच्या घड्याळावर त्याचा सर्वांत जास्त परिणाम होतो. त्यामुळे ४००० केल्विनऐवजी २२०० केल्विन किंवा त्याहून उबदार, जवळजवळ केशरी दिवा लावणं शहाणपणाचंच आहे. नेदरलँड्समधल्या प्रयोगांत तर लाल प्रकाशाखाली, एरवी उजेड टाळणारी वटवाघळं अंधारात असल्यासारखीच वावरली. त्या आधारावर तिथल्या नीऊकोप इथल्या एका वसाहतीत रस्त्यांवर तसे लालसर दिवे लावले गेले.

पण झाडाला रात्रीची लांबी मोजून देणारं जे रसायन आहे, ते प्रामुख्याने लाल प्रकाशालाच प्रतिसाद देतं. म्हणजे वटवाघळांच्या सोयीचा दिवा झाडाच्या सोयीचा असेलच असं नाही. काजव्यांचा स्वतःचा प्रकाश पिवळसर हिरवा असतो. केशरी दिवा त्या रंगाच्या फार जवळ जातो, आणि त्या उजेडात नराचा इशारा मादीपर्यंत पोचणं अवघड होतं. सर्वांना चालेल असा एकही रंग नाही. ज्या जागी काजवे आहेत तिथे एक रंग नको, ज्या रांगेत जुनी झाडं आहेत तिथे दुसरा नको, तळ्याकाठी तिसरा नको. मग उरतं काय? उजेड किती, कुठल्या दिशेला आणि कुठे कुठे नाहीच, हे ठरवणं उरतं. रंगाचा नंबर त्यानंतर. ‘उबदार दिवे लावले’ असं सांगून जो आराखडा झाडांवरचे झोत तसेच ठेवतो, त्याला निसर्गस्नेही म्हणणं ही लोकांची दिशाभूल आहे.

वेळेचंही असंच आहे. मध्यरात्रीनंतर दिवे बंद करावेत ही मागणी योग्य आहे आणि ती सोडू नये. त्याने वीज वाचते, आकाश थोडं निवळतं, उत्तररात्री वावरणाऱ्या जिवांना उसंत मिळते. पण वटवाघळं बाहेर पडतात ती सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात, आणि पहिल्या एकदोन तासांतच त्यांची शिकार सर्वांत जोरात चालते, कारण तेव्हाच किडे सर्वांत जास्त उडत असतात. नेमका तोच वेळ माणसांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याचा, कामावरून घरी परतण्याचा. दोघांनाही बाग हवी आहे आणि एकाच वेळी हवी आहे. घड्याळ लावून हा तंटा सुटत नाही. तो जागा वाटून घेतल्यानेच सुटतो.

म्हणून माझ्या मते कुठल्याही जुन्या उद्यानाच्या प्रकाशयोजनेत पहिला नकाशा अंधाराचा काढावा. वटवाघळांचे जाण्यायेण्याचे मार्ग कोणते, ढोल्या असलेली झाडं कोणती, पाण्याचा कुठला काठ शांत आहे, कुठे गवत वाढू दिलं आहे, हे आधी नोंदवावं आणि तो भाग कायमचा अंधारात राखीव ठेवावा. पाण्याचा विचार तर फारच कमी होतो. तळ्यातले सूक्ष्म प्राणी दिवसा खोलवर राहतात आणि रात्री शेवाळ खायला वर येतात. पृष्ठभाग उजळलेला असेल तर ते वर यायला कचरतात, शेवाळ खायला कुणी उरत नाही, आणि मग तळं हिरवं पडलं म्हणून औषधं टाकण्याची वेळ येते. राखीव अंधार असा ठरला की उरलेल्या भागातल्या एकदोन मुख्य वाटा, ज्या शहराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेतात, त्या चांगल्या उजळाव्यात. चांगल्या म्हणजे खरोखर चांगल्या. फ्रान्समध्ये काही शहरांनी अशा अंधाऱ्या पट्ट्यांचं जाळं नगररचनेतच घेतलं आहे, जसं आपण रस्त्यांचं किंवा नाल्यांचं जाळं घेतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. अंधार म्हणजे भीती, आणि ही भीती सर्वांत जास्त बायकांच्या वाट्याला येते. निसर्गाच्या नावाखाली बागेचा निम्मा दिवस बायकांकडून काढून घेणार का? हा आक्षेप झटकून टाकणारा निसर्गप्रेमी मला बेजबाबदार वाटतो. उजेडाने गुन्हे कमी होतात याचा पुरावा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक गृहवसाहती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून काहींमध्ये तात्पुरते प्रखर दिवे उभे केले, तर तिथले रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या बाजूला, इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक प्रशासनांच्या हद्दीतली आकडेवारी तपासणाऱ्या २०१५ च्या अभ्यासात रस्त्यांवरचे दिवे मंद केल्याने किंवा रात्री काही तास बंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचं आढळलं नाही. यांतला एकही अभ्यास बागेतला नाही. दोन्ही एकत्र वाचले तर एवढंच म्हणता येतं की उजेडाचा उपयोग जागेवर आणि पद्धतीवर अवलंबून असतो, आणि ‘जितका जास्त तितकं सुरक्षित’ असं सरळ गणित मांडता येत नाही.

बागेत पद्धतीला फार महत्त्व आहे. दुधी काचेचा गोळ्याचा दिवा असलेल्या खांबाखाली उभं राहून समोर पाहिलं तर काय दिसतं? तो गोळा दिसतो. त्याच्या मागचं झुडूप, झुडपाशेजारी उभा माणूस, वाटेवरची पायरी, सगळं त्या चकाकीमागे बुडून जातं. दिपलेल्या डोळ्यांना अंधाराला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. वय झालेल्या डोळ्यांना त्याहून जास्त. गोळ्याचा अर्ध्याच्या आसपास प्रकाश आडव्या रेषेच्या वर, फांद्यांत आणि आकाशात जातो. म्हणजे या दिव्याने झाडाचं नुकसान होतं आणि बाईलाही समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. एकटीने चालणाऱ्या बाईला हवं असतं ते वेगळंच: समोरून येणाऱ्याचा चेहरा लांबून ओळखू यावा, वाटेवर उजेड आणि काळोख यांचे पट्टे नसावेत, वाटेलगत दडायला दाट झुडूप नसावं, मधूनच बाहेर पडायला दार असावं आणि आजूबाजूला माणसं असावीत. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी दिव्याच्या हातात आहेत, आणि त्यासाठी प्रखरतेपेक्षा सारखेपणा लागतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड जमिनीवर जेमतेम ०.१ ते ०.३ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) असतो. वाटेवर सलग, न दिपवणारे पाच लक्स मिळाले तर माणूस निर्धास्त चालतो. तीस लक्सचं डबकं आणि त्यानंतर काळाकुट्ट पट्टा मिळाला तर तो प्रत्येक पट्ट्याशी दचकतो. जमिनीलगतचे बुटके दिवेही इथे कामाचे नाहीत. त्यांनी पावलं दिसतात, चेहरा दिसत नाही.

म्हणून मुख्य वाट, दार उघडं असेपर्यंत, पूर्ण उजळलेली असलीच पाहिजे. ती अर्धवट मंद ठेवून बाकीच्या दहा पायवाटांवर थोडे थोडे दिवे लावणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान. अर्धवट उजेडाच्या पायवाटा माणसाला बोलावतात आणि सुरक्षितपणा देत नाहीत. त्यापेक्षा त्या सांजेनंतर बंद आहेत असं दाराशी स्पष्ट लिहावं. शिवाय, एकट्या बाईला त्या वेळी बागेतून जावंच लागू नये म्हणून बागेबाहेरून जाणारा रस्ता तितकाच चांगला उजळलेला आणि वाहता असणं, ही जबाबदारी उद्यान विभागाची एकट्याची नाही.

जुने खांब ठेवून हे सगळं करता येतं. ऐतिहासिक कंदिलाच्या आकाराला धक्का न लावता त्याच्या टोपणात, वरच्या बाजूला, खाली तोंड केलेला छोटा एलईडी बसवता येतो. काच दुधी नको, पारदर्शक हवी; म्हणजे काच स्वतः उजळत नाही आणि प्रकाश वाटेवरच पडतो. खांबाच्या मागच्या बाजूला, झाडांकडे, आडोशाची पट्टी लावता येते. वर्दळ नसताना उजेड एकदशांशावर आणून कुणी आलं की हळूहळू वाढवता येतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा, कारण खाडकन पेटणारा दिवा जनावरांना बिथरवतो आणि माणसालाही. हे तंत्र बाजारात आहे, नवखं नाही. अडतं ते निविदेत. निविदेत किमान लक्स लिहिलेले असतात, कमाल लिहिलेले नसतात. ठेकेदाराने जास्त उजेड दिला तर त्याला कुणी हटकत नाही. वॅटमागे ल्युमेन किती, म्हणजे तेवढ्याच विजेत एकूण प्रकाश किती मिळतो, यावर गुण दिले जातात, आणि तिथे थंड पांढरा दिवा बहुधा जिंकतो. खांबांची संख्या मोजून बिल निघतं, त्यामुळे खांब कमी करायला कुणाचाच फायदा नसतो. कमाल मर्यादा, आडव्या रेषेच्या वर शून्य प्रकाश, झाडाच्या पानांवर आणि पाण्यावर पडणाऱ्या उजेडाची मर्यादा, दिव्याच्या वर्णपटाचा, म्हणजे त्याच्या प्रकाशात कुठला रंग किती याचा, आलेख, आणि काम झाल्यावर रात्री जागेवर मोजणी केल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, एवढ्या अटी निविदेत आल्या तर अर्धं काम झालं.

एलईडीने वीज वाचते हा मुद्दा खरा आहे, पण वाचलेल्या विजेचे आपण आणखी दिवे लावतो. उपग्रहांच्या नोंदींनुसार २०१२ ते २०१६ या काळात जगातला उजळलेला भूभाग दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढला. जमिनीवरून तारे मोजणाऱ्या हजारो लोकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये निष्कर्ष निघाला की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत चाललं आहे. मोठ्या शहराच्या मध्यात, इमारतींच्या गर्दीत, जुनं उद्यान हीच बहुधा एकमेव जागा उरते जिथे मान वर केली तर थोडं तरी आकाश आणि त्यात चार तारे दिसतील. ते शहरातल्या मुलांचं आहे. ते खर्ची घालण्याचा हक्क एखाद्या सुशोभीकरण समितीला कसा मिळतो, हे मला कळत नाही.

कायद्याने हे करता येतं का? येतं. स्लोव्हेनियाने २००७ सालीच दिव्यांचा प्रकाश वर जाऊ नये असा नियम केला. फ्रान्सच्या डिसेंबर २०१८ च्या आदेशानुसार सार्वजनिक उद्यानांतले दिवे उद्यान बंद झाल्यावर जास्तीत जास्त तासाभरात विझवावे लागतात आणि काही अपवाद सोडले तर जलाशयांवर थेट प्रकाश टाकायला बंदी आहे. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२० मधल्या परिषदेनेही प्रकाश प्रदूषणाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. तेव्हा हा मूठभर हौशी लोकांचा हट्ट आहे, असं म्हणून आता कुणाला सुटता येणार नाही.

सणासमारंभांच्या रोषणाईबद्दल मी कठोर आहे. एखाद्या रात्रीसाठी मोकळ्या मैदानावर दिवे लागले तर माझी तक्रार नाही. पण झाडांना गुंडाळलेल्या माळा एका सणाला चढतात आणि पुढे महिनोन् महिने उतरत नाहीत. साल वाढते, तार रुतते, आणि रोज संध्याकाळी ती पेटतच राहते. जुन्या उद्यानात झाडावर तार चढवायला परवानगीच नसावी.

शेवटी एक गोष्ट, जिच्याबद्दल प्रकाशयोजनेच्या चर्चेत जवळजवळ कुणी बोलत नाही: केबलचे चर. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. यंत्राने सरळ रेषेत खणलेला चर त्यातून गेला की झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं, आणि काही वर्षांनी वादळात पडतं. तेव्हा कुणालाही दिव्यांची आठवण होत नाही. म्हणून केबल जुन्या नळीतून किंवा वाटेच्या मधोमध न्यावी, झाडाजवळ हातानेच खणावं, आणि खांबाची जागा मुळांना विचारून ठरवावी, नकाशावरच्या समान अंतराला नव्हे. पाये भरण्याआधी आठवडाभर तात्पुरत्या खांबांवर दिवे लावून बघावेत. त्या आठवड्यात बागेतून रोज जाणाऱ्या बायका, म्हातारी माणसं, चाकाच्या खुर्चीवरची माणसं यांना बरोबर घेऊन अधिकाऱ्यांनी रात्री ती वाट चालावी, आणि त्याच रात्री वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र आणि किडे मोजणारा जाणकारही तिथे असावा. दोघांच्या नोंदी एकाच टेबलावर आल्यावर खांब किती आणि कुठे, ते ठरवावं.